१०८ ची गाडी येईपर्यंत काय करायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणेश मंडळं, बचत गट, सोसायट्या, कारखाने अशा ठिकाणी प्रथमोपचाराचे वर्ग घेतले की नंतर आठवडाभर फोनवर प्रश्न येत राहतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत, शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत. उत्तरं डॉक्टर नसलेल्यांसाठी आहेत. माणूस दवाखान्यात जिवंत पोचावा, एवढाच त्यांचा हेतू.

१. १०८ लावायचा की ११२? आणि फोनवर काय सांगायचं?

आजारपण, अपघात, दंश, अडलेली बाई, यासाठी १०८. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे, मोफत आहे आणि गाडीत डॉक्टर असतात. गोव्यातही नंबर १०८ च. पोलिस किंवा अग्निशमन दलही लागणार असेल तर ११२. एक लागला नाही तर दुसरा लावा, वाट बघत बसू नका.

आधी ठिकाण सांगा, आजार नंतर. गाव, तालुका, जिल्हा हे तिन्ही सांगा, कारण एकाच नावाची गावं शेजारशेजारच्या तालुक्यांतही असतात. 'मारुतीच्या देवळासमोर' ही खूण कुठल्याच गावात उपयोगाची नाही. शाळा, पेट्रोल पंप, रस्त्याचा किलोमीटरचा दगड सांगा. मग काय झालंय आणि किती जणांना. पलीकडचा ठेवत नाही तोवर फोन ठेवू नका, स्पीकरवर टाका. एक माणूस फाट्यावर उभा करा. रात्र असेल तर त्याच्या हातात बॅटरी द्या.

२. कुणी निपचित पडलेलं दिसलं तर पहिलं काम कोणतं?

आधी स्वतः सुरक्षित आहात का ते बघा: तुटलेली तार, भरधाव वाहनं, गॅसचा वास. मग दोन्ही खांदे थोपटून मोठ्याने हाक मारा. उत्तर नाही आलं तर जवळच्या एकाकडे बोट दाखवून 'तुम्ही १०८ लावा' असं सांगा. 'कुणीतरी फोन करा' म्हटलं की कुणीच करत नाही. आता छातीकडे बघा, जास्तीत जास्त १० सेकंद. नीट श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. नसेल तर लगेच प्रश्न ३ कडे वळा.

इथे एक फसवी गोष्ट आहे. हृदय बंद पडल्यावर पहिली काही मिनिटं माणूस आचके देऊ शकतो. जबडा हलतो, घरघर होते, मध्येच एखादा मोठा श्वास घेतल्यासारखं वाटतं. बघणारे म्हणतात, 'अजून श्वास आहे.' आचके म्हणजे श्वास नव्हे. छाती दाबायला सुरुवात करा. नाडी शोधत बसू नका, घाईत ती सरावलेल्यांनाही पटकन सापडत नाही.

३. छाती दाबायची म्हणजे नेमकी कशी?

माणूस कडक जमिनीवर उताणा हवा, गादीवर नको. छातीच्या मधोमध, छातीच्या हाडाच्या खालच्या अर्ध्यावर एका तळव्याची टाच ठेवा, त्यावर दुसरा हात. कोपर ताठ, खांदे हातांच्या सरळ वर. ५ ते ६ सेंटिमीटर खोल आणि मिनिटाला १०० ते १२० दाब. म्हणजे ३० दाब १५ ते १८ सेकंदांत व्हायला हवेत.

वर्गात सरावाच्या बाहुलीवर दोन चुका हमखास दिसतात. पहिली, दम लागला की कोपर वाकतात आणि दाब वरवरचा होतो. दुसरी, छाती पूर्ण वर येऊ न देताच पुढचा दाब दिला जातो. हापशाचा दांडा अर्ध्यावरून परत ओढला तर पाणी येत नाही, तसंच इथे. हात छातीवरून उचलू नका, पण अंगाचा भार दर वेळी पूर्ण काढा. दोन मिनिटांनी माणूस बदला. आपण थकलोय हे दाबणाऱ्याला कळत नाही, म्हणून घड्याळ दुसऱ्याने बघावं.

एक ते आठ वर्षांच्या मुलाला एका हाताने, छातीच्या एक तृतीयांश खोलीपर्यंत. तान्ह्या बाळाची छाती दोन्ही हातांनी वेढून दोन अंगठ्यांनी दाबतात.

४. बरगडी मोडली तर? आणि हृदय बंद नसताना चुकून दाबलं तर?

बरगडी मोडू शकते, विशेषतः म्हाताऱ्या माणसाची. कडकन आवाज आला तरी थांबू नका, हाताची जागा बरोबर आहे ना एवढं बघा आणि चालू ठेवा. हृदय चालू असताना दाबलं गेलं तर माणूस हात झटकेल किंवा कण्हेल. तेव्हा थांबायचं. त्यातून गंभीर इजा होण्याची शक्यता फार कमी असते. न दाबण्याची किंमत मात्र ठरलेली आहे: मेंदूला रक्त मिळालं नाही की चार-पाच मिनिटांत नुकसान सुरू होतं.

५. बाई असेल तर परक्या पुरुषाने छाती दाबायची का?

हा प्रश्न वर्गात कुणी उघड विचारत नाही, नंतर मेसेजवर येतो. उत्तर सरळ आहे: हो. हात छातीच्या हाडावर असतात, स्तनांवर नाही. नुसत्या हातांनी दाबायला कपडे काढावे लागत नाहीत. मंगळसूत्र बाजूला सारा, पदर मधे येत असेल तर सरकवा. गर्दी असेल तर बायकांना पाठ करून गोल उभं राहायला सांगा, आडोसा होतो. गरोदर बाईलाही तसंच आणि त्याच जागी दाबायचं. पोट मोठं दिसत असेल तर दुसऱ्या कुणी ते दोन्ही हातांनी तिच्या डाव्या बाजूला सरकवून धरावं, म्हणजे मोठ्या रक्तवाहिनीवरचा भार कमी होतो.

६. तोंडाने श्वास द्यावाच लागतो का? आणि थांबायचं कधी?

मोठा माणूस डोळ्यांदेखत कोसळला असेल तर नुसती छाती दाबलेली चालते. बुडालेला माणूस आणि लहान मूल हे अपवाद. तिथे मुळात श्वास अडल्यामुळे हृदय थांबलेलं असतं, म्हणून येत असेल तर श्वासही द्या: ३० दाब, २ श्वास. बुडालेल्याला सुरुवातच श्वासांनी करतात. त्याला उलटं टांगून किंवा पोट दाबून पाणी काढणं मात्र विसरा, त्यात वेळ जातो आणि पोटातलं पाणी फुप्फुसात जातं. कीटकनाशक प्यायलेल्याच्या तोंडाला तोंड लावू नका (प्रश्न १६).

माणूस हालचाल करू लागला, १०८ चे डॉक्टर आले किंवा तुमच्यात त्राण उरलं नाही, या तिन्हींपैकी काहीतरी होईपर्यंत थांबायचं नाही. विमानतळासारख्या ठिकाणी भिंतीवर शॉक द्यायचं एईडी यंत्र असतं. ते उघडा, ते स्वतः बोलून सूचना देतं आणि गरज नसेल तर शॉक देत नाही.

७. पडलेल्याला पाणी का पाजायचं नाही? घोटभर पाण्याने काय होतंय?

आपल्याकडे कुणी पडलं की पहिली पळते ती बाटली. शुद्ध हरपलेल्याला गिळता येत नाही. ओतलेलं पाणी श्वासनलिकेत जातं, माणूस गुदमरतो, किंवा वाचला तरी पुढे न्यूमोनिया होतो. लकवा मारलेला माणूस जागा असला तरी त्याचा घसा नीट चालत असेलच असं नाही. शस्त्रक्रिया लागणार असेल तर भरलेलं पोट भूल देताना अडचणीचं ठरतं.

नुसती चक्कर येऊन पडलेल्याला झोपवून पाय वर करा. पूर्ण शुद्धीवर आला, स्वतःच्या हाताने पेला धरून पिऊ शकला, तर प्यावं त्याने. खालच्या बहुतेक उत्तरांत 'तोंडातून काही नको' येईल, त्याचं कारण हेच.

८. ॲसिडिटी आहे की हार्ट अटॅक, घरी कसं ओळखायचं?

घरी ओळखू नका. दवाखान्यात पोचल्यापासून १० मिनिटांत ईसीजी व्हायला हवा, आणि फरक तिथेच कळतो.

संशय कधी घ्यायचा? छातीवर कुणी बसल्यासारखा दाब, डाव्या हातात, जबड्यात, पाठीत जाणारी कळ, दरदरून घाम, मळमळ, धाप. कळ बोटाने दाखवण्याऐवजी माणूस पूर्ण तळवा किंवा मूठ छातीवर ठेवतो, हे बघण्यासारखं असतं. बायका, म्हातारी माणसं आणि मधुमेही यांना छातीत दुखेलच असं नाही. नुसता घाम, थकवा, पोटाच्या वरच्या भागात अस्वस्थता. 'रात्री मिसळ जास्त झाली' म्हणत सोडा पिऊन, ओवा खाऊन सकाळ उजाडायची वाट बघितली जाते आणि तेवढ्यात हृदयाचा स्नायू मरत जातो.

चालू देऊ नका, जिना चढू देऊ नका. भिंतीला टेकवून, गुडघे वाकवून बसवा. स्वतः स्कूटर चालवत दवाखान्यात जाणारे महाभाग दर गावात असतात, त्यांची किल्ली काढून घ्या.

९. ॲस्पिरिन द्यायची का? आणि सॉर्बिट्रेट?

ॲस्पिरिन: माणूस शुद्धीवर असेल, तिची ॲलर्जी नसेल, पोटात अल्सर किंवा कुठे रक्तस्राव होत नसेल, तर साधारण ३०० मिलिग्रॅम चावून खायला द्या. ७५ च्या गोळ्या असतील तर चार. तशीच गिळली तर उशिरा लागू पडते. शंका असेल तर १०८ वरच विचारा. लकव्याचा संशय असेल तर मात्र ॲस्पिरिन अजिबात नाही (प्रश्न १०).

सॉर्बिट्रेट (हृदयाच्या दुखण्यावर देतात ती गोळी): त्याच माणसाला डॉक्टरांनी आधी लिहून दिलेली असेल तरच, बसवून, जिभेखाली. शेजाऱ्याच्या पाकिटातली गोळी नको. ती रक्तदाब खाली आणते. आधीच दाब कमी असेल किंवा लैंगिक उत्तेजनेची गोळी घेतलेली असेल तर माणूस तिथेच कोसळू शकतो. ही दुसरी गोष्ट लाजेपोटी कुणी सांगत नाही, म्हणून एकट्याला गाठून विचारा.

१०. 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात ते लगेच कसं ओळखायचं?

हसायला सांगा: तोंड एका बाजूला ओढलं जातं का? दोन्ही हात समोर उचलायला सांगा: एक खाली घसरतो का? एक सोपं वाक्य म्हणायला सांगा: जीभ अडखळते का? यातलं एकही अचानक झालं असेल तर १०८. अचानक तोल जाणं, अचानक एका डोळ्याने न दिसणं हेही त्यातच.

सगळ्यात मोलाची माहिती म्हणजे माणूस शेवटचा ठीक कधी दिसला ती वेळ. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि मोजणी त्या वेळेपासून होते. पहाटे उठल्यावर लकवा दिसला तर रात्री झोपतानाची वेळ धरतात. सीटी स्कॅन असलेल्या दवाखान्यातच न्या. गुठळी आहे की रक्तस्राव हे स्कॅनशिवाय कळत नाही, म्हणून ॲस्पिरिन नको, आणि प्रश्न ७ प्रमाणे पाणीही नको. मालिश आणि गावठी औषध यांत साडेचार तास सहज निघून जातात.

११. फिट आल्यावर चप्पल किंवा कांदा हुंगवतात, त्याने थांबते ना?

बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. तेवढ्यात चप्पल आणलेली असते, म्हणून श्रेय चप्पलेला जातं.

घड्याळ बघा. आसपासच्या टोकदार वस्तू सरकवा, डोक्याखाली घडी केलेलं कापड ठेवा, गळ्याजवळचं बटण सोडा. हातपाय धरून ठेवू नका. दातखिळी बसली असेल तर चमचा घालू नका, दात तुटून श्वासनलिकेत जातो. झटके थांबले की कुशीवर वळवा, लाळ बाहेर पडू द्या.

१०८ कधी? ५ मिनिटांपेक्षा जास्त चालली, शुद्ध येण्याआधी दुसरी आली, आयुष्यातली पहिलीच आहे, पाण्यात आली, डोक्याला मार लागला, किंवा मधुमेही आहे. गरोदर बाईला आली तर एक मिनिटही थांबू नका.

१२. शुगरचा पेशंट अचानक बरळायला लागला. साखर द्यायची की नाही?

शुद्धीवर असून गिळता येत असेल तर द्या. तीन चमचे साखर पाण्यात, किंवा गोड सरबत. १५ मिनिटांत फरक नसेल तर पुन्हा. मशीन असेल तर बघा, ७० च्या खाली म्हणजे कमी. मशीन नसेल तरी द्या: साखर वाढलेली असेल तर एवढ्याने फारसं बिघडत नाही, कमी असेल तर जीव वाचतो. घाम, थरथर, चिडचिड ही कमी साखरेची खूण, आणि अनेकदा लोक याला दारू प्यायलेला समजतात. बेशुद्ध असेल तर तोंडातून काही नको. साखर देऊन बोलणं किंवा हात सुधारला नाही तर प्रश्न १० आठवा.

१३. घशात घास अडकला. पाठीत धपाटे घालायचे का?

खोकता येत असेल तर खोकू द्या, मधे पडू नका. आवाज निघेनासा झाला, हात गळ्याशी गेले, की पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधे ५ जोरदार थापा. नाही निघालं तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर मूठ ठेवा आणि आत-वर असे ५ हिसके द्या. आलटून पालटून. गरोदर बाईला हिसका पोटावर नाही, छातीवर. तान्ह्या बाळाला हातावर पालथं घालून, डोकं खाली ठेवून ५ थापा, मग उताणं करून तळव्याच्या टाचेने छातीवर ५ दाब. दिसत नसताना बोट घालू नका, वस्तू आणखी खोल जाते. बेशुद्ध झाला तर प्रश्न ३.

१४. 'पान लागलं', म्हणजे साप चावला, तर पहिल्या तासात काय करायचं? दोरी बांधायची का?

दोरी नाही, ब्लेड नाही, चोखणं नाही, बर्फ नाही, मांत्रिक नाही. माणसाला झोपवा आणि दंश झालेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडासारखा फळकुटाला सैलसर बांधून स्थिर करा. अंगठ्या, जोडवी, पैंजण, कडं लगेच काढा, सूज आल्यावर ती कापावी लागतात. चालवू नका, धावायला तर नाहीच. खाटेवर किंवा उचलून गाडीपर्यंत न्या.

आपल्याकडचे चार मोठे विषारी साप म्हणजे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. घोणस चावली की प्रचंड आग, सूज, नंतर हिरड्यांतून, लघवीतून रक्त. फुरसं कोकणात फार, तेही रक्त पातळ करणारं. नागाच्या दंशाला सूज येते आणि पापण्या जड होतात. फसवते ती मण्यार. रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, दाताची खूण शोधूनही सापडत नाही. पहाटे पोटात दुखतं, घसा धरतो, पापण्या मिटू लागतात. 'अपचन झालंय' म्हणून झोपवून ठेवलेली माणसं श्वास बंद पडून जातात. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठला आणि डोळे उघडे ठेवता येत नसतील, तर साप दिसला नसला तरी दंशच समजा.

आपल्याकडची प्रतिविषाची लस या चारही सापांवर मिळून एकच असते, त्यामुळे साप मारून आणायची गरज नाही. लांबून फोटो मिळाला तर ठीक. सह्याद्रीतल्या हिरव्या चापड्यावर मात्र ही लस चालत नाही, तिथे फोटोचा खरा उपयोग होतो. सरकारी दवाखान्यात लस मोफत मिळते. निघताना फोन करून लस आहे का ते विचारा.

१५. दोरी आधीच कुणी बांधली असेल तर सोडायची का? आणि काहीच त्रास नसेल तर घरी न्यायचं?

घट्ट बांधलेली असेल तर वाटेत सोडू नका. अडकलेलं विष एकदम अंगभर पसरू शकतं, म्हणून ती डॉक्टरांसमोर, लस तयार ठेवून सोडतात.

घरी न्यायचं नाही. दवाखान्यात नव्या, कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतात आणि मग नळी तिरकी करून बघतात. रक्त गोठलं नसेल तर विष भिनलंय. चाचणी चांगली आली तरी २४ तास देखरेख लागते, कारण मण्यारीचा परिणाम उशिराही दिसतो. लस मुलांनाही मोठ्यांएवढीच लागते, कारण मात्रा सापाच्या विषाची असते. ती ऐकून घाबरू नका.

विंचवाचं थोडक्यात: नुसती आग होत असेल तर फार काळजी नाही. पण लाल विंचवाच्या दंशानंतर दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं सुरू झालं, तर हृदयावर ताण आलाय. मुलं यात दगावतात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध इथे वापरून दाखवलं आणि चित्र पालटलं. ते दवाखान्यातच, दाब बघून देतात.

१६. फवारणी करताना गडी कोसळला. काय करू?

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हापासून हा प्रश्न विदर्भातून दर पावसाळ्यात येतो. खुणा: तोंडाला लाळ, डोळ्यांना पाणी, घाम, उलटी-जुलाब, टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या, धाप.

तुम्ही आधी हातमोजे घाला, नसतील तर प्लॅस्टिकच्या पिशव्या. त्याला वाऱ्याच्या उलट दिशेला न्या, सगळे कपडे काढा, साबण-पाण्याने डोक्यापासून धुवा. भिजलेला सदरा अंगावर तसाच ठेवून दवाखान्यात नेलं तर वाटभर विष अंगात जात राहतं. औषध प्यायलेलं असेल तरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, श्वासात जातं. डबा किंवा निदान लेबल सोबत न्या: कुठलं औषध हे कळलं की डॉक्टरांचं काम निम्मं होतं.

१७. ऊन लागलं आणि उष्माघात, यात फरक काय?

डोकं. ऊन लागलेला थकतो, मळमळतो, पण नीट बोलतो: सावली, पाणी, मीठ-साखर. उष्माघात झालेला बरळतो, झटके येतात, बेशुद्ध पडतो, आणि अंग ४० अंशांच्या वर तापलेलं असतं. घाम असो वा नसो. त्याला तिथल्या तिथे गार करा: कपडे सैल, बादल्यांनी पाणी, पंखा, काखेत आणि जांघेत बर्फ. गाडी येईपर्यंत थांबू नका. तापाची गोळी यात चालत नाही. खिशातला कांदाही नाही.

१८. भाजलं, कापलं, शॉक लागला?

भाजल्यावर २० मिनिटं वाहतं साधं पाणी, मग स्वच्छ कापड. टूथपेस्ट, शाई, बर्फ, हळद नको. रक्त वाहत असेल तर जखमेवर कापड ठेवून सतत दाबा आणि उघडून बघू नका. हातापायातून धार लागली आणि दाबूनही थांबत नसेल तरच जखमेवर नव्हे, तर तिच्या वरच्या बाजूला, धडाकडे, रुंद पट्टी घट्ट बांधा आणि वेळ लिहून ठेवा. शॉकमध्ये आधी मेन स्विच, मग माणूस. पडलेल्या विजेच्या तारेजवळ तर जाऊच नका, महावितरणला कळवा.

१९. अपघातातल्या माणसाला नेलं तर पोलिसांचा ससेमिरा लागतो का?

सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. तुम्हाला नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही, साक्षीदार व्हायचं की नाही हे तुम्ही ठरवता, आणि सद्हेतूने केलेल्या मदतीत काही बिघडलं तरी तुमच्यावर खटला होत नाही. दवाखाना तुमच्याकडे पैसे मागू शकत नाही.

२०. १०८ ला तासभर लागणार असेल तर जीपमध्ये घालून न्यावं का?

दंश, लकवा, छातीत दुखणं: न्या, पण १०८ शी बोलत राहा, वाटेत गाडी गाठता येते. मागच्या सीटवर आडवं किंवा टेकवून. शुद्ध नसेल तर कुशीवर, आणि शेजारी श्वासावर नजर ठेवणारा एक माणूस. मानेला मार लागल्याचा संशय असेल तर, आग किंवा वाहतुकीचा धोका नसल्यास, हलवू नका. हृदय बंद पडलेल्याला गाडीत घालून पळवू नका. धावत्या जीपमध्ये छाती नीट दाबता येत नाही, जमिनीवर दाबत राहा.

२१. गाडी आल्यावर डॉक्टरांना काय सांगायचं?

काय झालं, किती वाजता, तुम्ही काय केलं, काय दिलं. शेवटचा ठीक कधी दिसला. कुठली औषधं चालू आहेत: नावं आठवत नसतील तर गोळ्यांची पाकिटं आणि जुनी फाईल पिशवीत घालून द्या. कशाची ॲलर्जी आहे का. सोबत कोण जाणार हे गाडी यायच्या आधीच ठरवा. गाडीत जागा मोजकीच असते, तेव्हा ज्याला दुखण्याची नीट माहिती आहे आणि ज्याचा फोन चार्ज आहे, तो जाऊ दे. बाकीच्यांनी मागून यावं.